शनिवार सकाळची इंग्लिश मॅच: अमेरिकन प्रेक्षक रमतो कशाने, अडतो कुठे?

एनबीसी या अमेरिकन चॅनलने २०१३-१४ च्या मोसमापासून इंग्लिश फुटबॉलची (इथलं सॉकर) प्रीमियर लीग दाखवायचे हक्क घेतले, तेव्हा तीन वर्षांचे २५ कोटी डॉलर मोजले होते. सध्याचा सहा वर्षांचा करार सुमारे २७० कोटींचा आहे. एनएफएल (अमेरिकन फुटबॉल) आणि एनबीएवर (बास्केटबॉल) वाढलेला प्रेक्षक इकडे वळल्याशिवाय कोणी एवढे पैसे ओतत नाही. ऑफिसातल्या किंवा शेजारच्या अमेरिकन माणसाला ज्यांनी या खेळाची गोडी लावली आहे, त्यांनी लिहा: काय सांगितलं की चटकन कळतं आणि गाडी कुठे अडते? जुन्या आठवणींसाठी वेगळा धागा काढू, इथे कामाचं येऊ द्या.

न्यू जर्सीहून

अर्धी जादू वेळेची आहे. इस्टर्न टाइमने (अमेरिकेच्या पूर्व भागाची वेळ) शनिवारी सकाळी साडेसात, दहा आणि साडेबारा, रविवारी नऊ आणि साडेअकरा. सोमवारी असलीच तर दुपारी तीन. शनिवारी सकाळी इथे टीव्हीवर दुसरा मोठा खेळ नसतो. कॉलेजांचं अमेरिकन फुटबॉल बाराला सुरू होतं, एनएफएल रविवारी एकला. म्हणजे आधीचं काही सोडावं न लागता नवीन व्यसन लागतं.

गोंधळ वर्षातून दोनदा होतो. अमेरिकेतलं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं, ब्रिटनमधलं शेवटच्या. मधले दोन-तीन आठवडे फरक पाचाऐवजी चार तासांचा, म्हणून साडेसातची मॅच साडेआठला. ऑक्टोबर संपताना ब्रिटन आधी मागे येतं आणि आठवडाभर पुन्हा तेच. फोनच्या कॅलेंडरमध्ये मॅच टाकताना टाइम झोन लंडन निवडा, बाकीचं फोन बघून घेतो.

शरदात आणि मार्चमध्ये देशांच्या सामन्यांसाठी लीग थांबते. नवख्याला नेमक्या त्या शनिवारी घरी बोलावू नका.

शिकागोहून

पैसे भरण्याआधी हे वाचा. मॅच तीन ठिकाणी विभागलेल्या असतात. एनबीसी हे चॅनल अँटेनाने फुकट दिसतं: अँटेना खिडकीपाशी लावा, टीव्हीच्या मेनूतून चॅनल स्कॅन करा, झालं. यूएसए नेटवर्कला केबल किंवा केबलसारखं स्ट्रीमिंग पॅकेज लागतं. पीकॉक हे अ‍ॅप आहे, जुलै २०२५ पासून महिना १०.९९ डॉलर.

हमखास होणारी चूक म्हणजे पीकॉक घेतलं की ३८० च्या ३८० मॅच थेट दिसतील असं समजणं. यूएसएवर लागलेली मॅच पीकॉकवर थेट दिसत नाही, नंतर पूर्ण रेकॉर्डिंग येतं. दुसरी चूक: क्लब तोच, म्हणून सगळ्या स्पर्धा एकाच अ‍ॅपवर असतील असं धरून चालणं. चॅम्पियन्स लीग पॅरामाउंट प्लसवर असते, एफए कप ईएसपीएनकडे. मंगळवारी दुपारी आर्सेनल पीकॉकवर शोधत बसलेला माणूस बहुधा चुकीच्या दारात उभा असतो.

एक गंमत. शनिवारी दुपारी तिकडच्या पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये फुटबॉल थेट दाखवायला बंदी आहे, लोकांनी मैदानावर जावं म्हणून. त्यामुळे इस्टर्न टाइमच्या दहाच्या, म्हणजे तिकडच्या तीनच्या मॅच लंडनमध्ये राहणाऱ्याला घरी थेट बघता येत नाहीत. आपल्याला येतात.

डॅलसहून

एनएफएलची मॅच तीन तासांच्या वर चालते आणि त्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो जेमतेम अकरा मिनिटं. इथे ४५ मिनिटं सलग, जाहिरात नाही, १५ मिनिटांचा हाफटाइम, पुन्हा ४५. दोन तासांत माणूस मोकळा. 'स्लो गेम' म्हणणाऱ्याला एवढं गणित पुरतं.

त्याला आधी कोपऱ्यातलं घड्याळ समजवा. अमेरिकन खेळात घड्याळ उलटं मोजतं, ०:०० झालं की संपलं. इथे ते वर चढतं. ४५:०० होतं आणि थांबत नाही, शेजारी छोट्या चौकटीत +४ उगवतं. नवखा नेमका इथे उठून कॉफी करायला जातो आणि गोल त्याच्या पाठीमागे होतो. चौथा पंच पाटी उंचावतो, तिच्यावर असतात ती किमान मिनिटं. त्या चार मिनिटांत कोणी गवतावर लोळलं तर रेफरी आणखी वाढवतो. वेळ टीव्हीकडे नाही, रेफरीच्या मनगटावर आहे.

बरोबरी पचत नाही, हे खरं. 'कोणीच जिंकलं नाही?' या प्रश्नावर प्रवचन नको, पॉइंट टेबल दाखवा. विजयाला ३, बरोबरीला १. तळातला क्लब मँचेस्टर सिटीच्या मैदानावरून १ पॉइंट घेऊन गेला, तर त्याच्या लेखी ती लूटच.

मिनेसोटाहून

ऑफसाइडबद्दल. समोरचा आइस हॉकी बघणारा असेल तर निम्मं काम झालेलं असतं. हॉकीत निळी रेघ बर्फावर रंगवलेली, इथे ती शेवटून दुसऱ्या बचावपटूबरोबर सरकते. शेवटचा बहुतेक वेळा गोलकीपर असतो, म्हणून 'शेवटून दुसरा'. लोक चुकतात ते एकाच जागी: चेंडू मिळाला तेव्हा खेळाडू कुठे होता ते बघतात. चेंडू मारला गेला त्या क्षणी कुठे होता ते बघायचं. रिप्ले पासवर पॉज करा, बोट ठेवून दाखवा. तोंडी समजावू नका, वेळ जातो.

बॉस्टनहून

माझ्या मते खरा गळ रेलेगेशन. अमेरिकन लीगमध्ये तळाला गेलात तर बक्षीस म्हणून चांगला ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडताना वरचा नंबर) मिळतो, म्हणून शेवटी शेवटी मुद्दाम हरणारे संघ असतात. इथे २० पैकी खालचे ३ थेट दुसऱ्या लीगमध्ये घसरतात. शेवटच्या नंबरच्या क्लबालासुद्धा लीगकडून वर्षाला १० कोटी पौंडांच्या वर मिळतात, घसरलं की तो ओघ आटतो. त्यामुळे एप्रिलमध्ये १७ वा विरुद्ध १८ वा ही मॅच विजेतेपदाच्या मॅचपेक्षा कडवी होते. लेस्टर २०१५-१६ मध्ये ५०००-१ च्या भावावरून विजेता झाला आणि २०२३ मध्ये घसरला. हे उदाहरण दिलं की अमेरिकन माणूस दोन मिनिटं गप्प बसतो.

नवख्याला बसवायचंच तर मे महिन्यात, मोसमाच्या शेवटच्या रविवारी बसवा. दहाही मॅच एकाच वेळी सुरू होतात. २२ मे २०२२ ला सिटी ०-२ ने मागे होती आणि ७६ ते ८१ या मिनिटांत तीन गोल करून एका पॉइंटने लीग जिंकली. एक मॅच मोठ्या पडद्यावर ठेवा, पॉइंट टेबल फोनवर.

क्लब कोणता निवडू, असं विचारलं तर मालकांवरून दोरा द्या. बेसबॉलच्या रेड सॉक्सचे मालक तेच लिव्हरपूलचे; एनएफएलमधल्या बकेनीअर्सचे ग्लेझर मँचेस्टर युनायटेडमध्ये, रॅम्सचे क्रोएंके आर्सेनलचे, जॅग्वार्सचे शाहिद खान फुलहॅमचे. फक्त इंग्लिश चाहत्यासमोर हे कारण सांगू नये, ग्लेझर म्हटल्यावर तिकडे जीभ कडवट होते.

न्यूयॉर्कहून

बारमध्ये बघायला जाणाऱ्यांसाठी: इथे दारू शनिवारी सकाळी आठनंतर आणि रविवारी दहानंतरच मिळते. रविवारी नऊची मॅच असेल तर पहिला हाफ कॉफीवर. बरेच बार एकाच क्लबाच्या चाहत्यांचे असतात, आधी विचारा. चेल्सीच्या बारमध्ये टॉटनहॅमचा शर्ट घालून जाण्यात शहाणपण नाही.

सिअ‍ॅटलहून

पॅसिफिकवाल्यांना (पश्चिम किनारा, इस्टर्नच्या तीन तास मागे) पहिली मॅच पहाटे साडेचारला. रेकॉर्डिंग लावून सातला बघा. रेकॉर्डिंग अर्धा तास जास्त ठेवा, व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णयाची) तपासणी आणि जादा वेळ मिळून मॅच लांबते. स्कोअर अ‍ॅपच्या नोटिफिकेशन शुक्रवारी रात्रीच बंद. बंद करायच्या राहिल्या तर दोष स्वतःला द्या.

पुन्हा न्यू जर्सीहून

फँटसीचं राहिलं, म्हणजे खऱ्या खेळाडूंची आपली टीम बनवून त्यांच्या खेळावर पॉइंट मिळवायचे. एनएफएलची फँटसी खेळणारा इथे ड्राफ्ट (आळीपाळीने खेळाडू वाटून घेणं) शोधतो, मूळ खेळात तो नसतो. १० कोटी पौंडांत १५ खेळाडू: २ गोलकीपर, ५ बचाव, ५ मिडफिल्ड, ३ फॉरवर्ड, एका क्लबाचे जास्तीत जास्त ३. एकच खेळाडू ऑफिसातल्या सगळ्यांकडे असू शकतो. दर आठवड्याला एक बदल फुकट, वापरला नाही तर साठतो, जादा बदलाला ४ पॉइंट कापले जातात. नवखा सगळे पैसे पाच-सहा ताऱ्यांवर उडवतो आणि बाकावर मैदानात कधी न उतरणारी पोरं ठेवतो. मग एक तारा दुखावला की बदली शून्य. मुदत आठवड्याच्या पहिल्या मॅचच्या दीड तास आधी संपते. शनिवारी साडेसातची मॅच पहिली असेल तर पहाटे सहाला, आणि शुक्रवारी तीनला असली तर ऑफिसातच दुपारी दीडला. तेव्हा टीम गुरुवारीच लावा.

पुण्याहून

तिकडच्या भावाबरोबर फोन चालू ठेवून बघणाऱ्यांसाठी. इस्टर्नची साडेसातची मॅच इकडे उन्हाळ्यात संध्याकाळी पाचला, हिवाळ्यात सहाला. दोघांचे स्ट्रीम वेगवेगळ्या उशिराने येतात, त्यामुळे एकाचा 'गोल!' दुसऱ्याला आधीच ऐकू येतो. किकऑफनंतर कोपऱ्यातलं घड्याळ एकमेकांना वाचून दाखवा. जो पुढे असेल त्याने तेवढे सेकंद पॉज करायचं. हाफटाइमनंतर पुन्हा जुळवा, अ‍ॅप बहुतेक वेळा पॉज सोडून थेटवर उडी मारतं.