मदत हवी आहे: शाळूच्या माल्टचा काढा गाळलाच जात नाही

मंडळी, घरी बिअरसाठी धान्य मुरवण्याची माहिती असणारे किंवा नाचणी-ज्वारीचं माल्ट करणारे कुणी असाल तर कृपया सविस्तर सांगा.

मी सांगलीची. जतकडचा शाळू घरी येतो. त्याचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) करून गोड काढा काढायचा आणि आटवून काकवीसारखा दाट करायचा, एवढंच करायचंय. आंबवायचं नाही, परवान्याशिवाय दारू करणं आपल्याकडे गुन्हाच आहे. पण बिअरची पहिली पायरी हीच, म्हणून तुम्हाला विचारतेय. आपला शाळू भाकरीपलीकडेही जावा असं फार वाटतं.

शाळू भिजवून ओल्या गोणपाटात मोड आणते, कडक उन्हात वाळवते, मग चोळून, पाखडून मोड आणि मुळ्या पार काढून टाकते. (कुणी करणार असाल तर हे चुकवू नका. कोवळ्या ज्वारीनं जनावरांना किराळ (विषबाधा) लागते, ती ज्या धुरिन नावाच्या घटकामुळे, तेच या मोडांत असतं. त्यातून सायनाइड सुटतं.) मग गिरणीतून जाडसर भरड. किलोला चार लिटर पाणी, ६५ अंश, पातेलं गोधडीत गुंडाळून तासभर.

चक्क्याच्या फडक्यात ओतलं की सुरुवातीला धार लागते, मग थेंब, मग तेही बंद. फडक्याला आतून राखाडी, बुळबुळीत थर बसतो. पिळलं तर पांढुरकं पीठच बाहेर येतं आणि आटवताना बुडाला लागतं. बशीत थेंबभर घेऊन आयोडीन टाकलं तर निळंकाळं होतं, म्हणजे स्टार्च साखर न होता तसाच आहे. बार्लीला हेच तापमान, एवढाच वेळ पुरतो म्हणे. मग कापड बदलू, वेळ वाढवू, की शाळूची रीतच वेगळी?

साताऱ्याहून उत्तर:
ताई, रीतच वेगळी. बार्लीच्या दाण्याला टरफल असतं. भरडल्यावर तेच तळाशी थर करून गाळणीचं काम करतं. शाळूचा दाणा उघडा, त्यामुळे पीठ थेट कापडावर बसतं. कापड कितीही बदला, फरक पडणार नाही.

दुसरं, शाळूचा स्टार्च साधारण ७० अंशांच्या पुढे नीट फुलतो. ६५ ला तो कच्चाच राहतो. आणि आच वाढवावी तर साखर करणारी एन्झाइम मरतात. म्हणून दोन्ही कामं वेगळी करायची. भरड ४५-५० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, ढवळा, मग स्थिर होऊ द्या. वरची निवळ ओतून झाकून ठेवा. एन्झाइम तिच्यात उतरलेली असतात. खालच्या गाळात पाणी घालून तो पेजेसारखा चांगला शिजवा, हात थांबवू नका. थर्मामीटरनं ६५ पर्यंत निवला की मगच निवळ परत घाला. घाईनं उकळत्यात घातलीत तर सगळं वाया. पुढे दीड-दोन तास गोधडीत. आयोडीन निळं होईनासं झालं की झालं. तपासलेला थेंब फेकून द्या, पातेल्यात नको.

गाळायला भाताचं तूस घ्या, धान्याच्या दहावा हिस्सा तरी. गरम पाण्यात दोन-तीनदा धुऊन काढ्यात मिसळा आणि मोठ्या चाळणीत ओता. पहिला गढूळ काढा हळूच परत वरून सोडा. स्वच्छ यायला लागला की खाली भांडं बदला. पिळायचं नाही, दाबायचं नाही. शेवटी थोडं गरम पाणी वरून फिरवा, चोथ्यातली गोडी उतरते.

बार्लीइतका गोड मात्र होणार नाही, शाळूच्या माल्टमध्ये बीटा-अमायलेज (साखर करणारं एक एन्झाइम) कमी. थोडं नाचणीचं माल्ट मिसळून बघा, साखर करायला ते चांगलं.

धागाकर्ती:
मनापासून आभार, दादा. तूस शिराळ्याकडच्या भातगिरणीतून मागवते. निवळ ओतताना थोडं पीठ सोबत आलं तर?

साताऱ्याहून:
थोडं चालेल. जास्त आलं तर ते पीठ न शिजताच राहील आणि आयोडीन शेवटपर्यंत निळं दाखवेल. निवळ पळीनं वरवर काढा, पातेलं तिरकं करू नका.