जुन्या फाँटातील मजकूर आणि शुद्धलेखन तपासणी

प्रश्न: आमच्या वाचनालयाचे जुने अहवाल कृतिदेव फाँटात टंकलेले असून लिबरऑफिस रायटर या लेखनाच्या प्रणालीत त्यांतील एकही मराठी शब्द शोधता येत नाही. काय करावे?

उत्तर १: या फाँटात देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसवलेली असल्याने संगणकाला तो मजकूर मराठी म्हणून ओळखताच येत नाही. परिवर्तकाने (फाँटाचे संकेतांक बदलणाऱ्या प्रणालीने) तो युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षरांना स्वतंत्र संकेतांक देणाऱ्या पद्धतीत, आणावा आणि ऱ्हस्व वेलांटी व रफार असलेले शब्द मूळ प्रतीशी अवश्य ताडून पाहावेत, कारण या खुणांचा क्रम दोन्ही पद्धतींत वेगळा असतो.

उत्तर २: नंतर शुद्धलेखन तपासण्यासाठी रायटरला मराठी शब्दसूचीचे एक्स्टेन्शन (पूरक भाग) जोडावे. मात्र प्रत्यय लागलेले अचूक शब्दही पुष्कळदा लाल रेघेखाली येतात, म्हणून ती रेघ हा अंतिम निवाडा मानू नये. जुन्या शब्दांसाठी शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील मोल्सवर्थ यांचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश मला फार मोलाचा वाटतो.