अनुभव धागा: तुमच्या बुकमार्कांचा माळा कसा लावलाय?

ट्रंकवाला

गेल्या आठवड्यात लॅपटॉप बदलला. बुकमार्क नव्या यंत्रात न्यायचे म्हणून त्यांची एचटीएमएल फाइल काढली आणि सहज म्हणून ती नोटपॅडमध्ये उघडली. पहिल्याच ओळीत 'नेटस्केप बुकमार्क फाइल १'. नेटस्केप हा जुना ब्राउझर जाऊन जमाना झाला, पण क्रोम काय न् फायरफॉक्स काय, फाइल बाहेर काढताना अजून वाडवडिलांचंच नाव लावतात. प्रत्येक लिंकपुढे दहा आकडी संख्या असते: १ जानेवारी १९७० पासून किती सेकंदांनी ती लिंक आपण जपून ठेवली ते. माझी सगळ्यांत जुनी लिंक निघाली २००९ ची, ठाण्यातल्या भाड्याच्या एका जागेची जाहिरात. ज्या घरात आम्ही कधी राहिलो नाही, त्याची लिंक मी चार लॅपटॉप बदलले तरी वाहतोच आहे.

एकूण २,३१४. फोल्डर म्हणाल तर 'बघायचं', 'नक्की बघायचं', 'इतर', 'इतर जुने', 'नवीन फोल्डर', 'नवीन फोल्डर (२)'. शिवाय एक 'आयात केलेले', त्याच्या पोटात आणखी एक 'आयात केलेले', आणि त्याच्या पोटात परत तोच संसार. दर वेळी लॅपटॉप बदलताना एक थर चढलेला.

बायको म्हणाली, सगळं पुसून टाक, काही अडणार नाही. तेही खरंच. पण हात धजत नाही. तुम्ही काय करता ते लिहा. कुठलं ॲप चांगलं हे नको, तुम्ही काय केलंत आणि कुठे फसलात ते सांगा.

निवृत्त_हेडक्लार्क, सातारा

मी पस्तीस वर्षं फायली लावल्या. त्यामुळे सूनबाईंनी संगणक शिकवला तेव्हा पहिल्या दिवशीच कपाट लावून टाकलं: शेती, पेन्शन, औषधं, नातवंडं, देवधर्म. फोल्डर पाच. सहावा करायचा झाला तर आधी पाचांतला एक बंद करायचा, हा माझा नियम. ऑफिसात कपाटाला पाचच खण होते, ती सवय.

फसलो ते सातबाऱ्यात. जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर, मोबाइल नंबर, मग ती वेडीवाकडी अक्षरं ओळखून भरायची, एवढं सगळं करून उतारा समोर आला. मी तिथेच कंट्रोल आणि डी दाबलं. वाटलं, उतारा आता कायमचा खिशात. दुसऱ्या दिवशी भावाला दाखवायला उघडलं तर 'सत्र संपले'. मला वाटलं जमीनच गेली! सूनबाई म्हणाल्या, "बाबा, ते पान तेवढ्या भेटीपुरतंच असतं. खूण घराच्या दाराला करायची, आतल्या पाटावर नाही." तेव्हापासून जिथे पासवर्ड किंवा ती अक्षरं भरावी लागतात, तिथलं फक्त पहिलं पान ठेवतो. उतारा हवा असेल तर त्याची पीडीएफ उतरवून घेतो आणि नावात गट नंबर आणि तारीख घालतो.

शब्दवेल्हाळ

मी भाषांतराची कामं करते. दिवसाला तीस-चाळीस वेळा कोश उघडावा लागतो. पूर्वी 'कोश' नावाचा फोल्डर होता: आधी फोल्डर उघडा, मग मोल्सवर्थ शोधा, मग पान उघडेपर्यंत थांबा, मग शब्द टाका. एवढ्यात वाक्य डोक्यातून पळून जातं.

फायरफॉक्समध्ये बुकमार्कला खूणशब्द देता येतो, हे मला फार उशिरा कळलं. कोशात कुठलाही शब्द शोधायचा, वरच्या पत्त्यात तो शब्द जिथे दिसेल तिथे तो खोडून टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून इंग्रजी धाकटा एस टाकायचा, आणि त्या बुकमार्कच्या 'कीवर्ड'च्या रकान्यात आपला शब्द लिहायचा. मी 'मो' लिहिलंय. आता पत्त्याच्या पट्टीत 'मो चव्हाटा' लिहून एंटर मारलं की मोल्सवर्थ थेट चव्हाट्यावर. १८५७ सालच्या आवृत्तीचा कोश एका अक्षरात हजर होतो, याचं मला अजून अप्रूप आहे. खूणशब्द मुद्दाम मराठीत दिला, कारण कीबोर्ड तेव्हा मराठीतच असतो.

दुसरा त्रास मराठी पत्त्यांचा. विकिपीडियाच्या पानाचा पत्ता पट्टीत छान मराठीत दिसतो. कॉपी करून डकवला की टक्क्यांची माळ! देवनागरीतली प्रत्येक खूण तीन बाइटांची, आणि प्रत्येक बाइटला तिथे तीन चिन्हं. म्हणजे 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशा पाच खुणा, त्यांची झाली पंचेचाळीस चिन्हं. टिपणवहीत अशी माळ ठेवली तर महिन्याने काय कळणार कप्पाळ? म्हणून ठेवतानाच नाव बदलते, आणि नावात मी कोणत्या कामासाठी ठेवलं ते लिहिते. 'मोडी लिपी' असं लिहीत नाही, 'वतनपत्राच्या कामाला, मोडीतले आकडे' असं लिहिते.

चालू_टॅब

माझे बुकमार्क नव्हतेच, टॅब होते. एकशे चाळीस. बंद केलं तर विसरेन ही भीती. लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा.

आता शुक्रवारी संध्याकाळी कंट्रोल-शिफ्ट-डी. उघडे असलेले सगळे टॅब एका फोल्डरमध्ये जातात, फोल्डरला त्या दिवसाची तारीख, आणि खिडकी बंद. सोमवारी कोरी पाटी. खरं सांगू? त्या तारखांच्या फोल्डरांपैकी मी आजवर दोन-तीनच परत उघडले असतील. पण ते तिथे आहेत म्हणून टॅब बंद करायला हात धजतो.

फसलो ते असं. फोनमध्ये जागा नाही म्हणून तिथले बुकमार्क पुसले. लोकलमध्ये उभ्या उभ्या, एका हाताने. घरी येऊन लॅपटॉप उघडला, तिथेही काही नाही. सिंक चालू होतं ना! एका ठिकाणी पुसलं की सगळीकडे पुसतं, तेही इमानेइतबारे. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे नोकरीत मी रोज चार लोकांना सांगतो. फायरफॉक्स बुकमार्कांच्या जुन्या प्रती आपल्या यंत्रातच तारीखवार ठेवतो, बुकमार्कांच्या खिडकीत 'रिस्टोअर' मध्ये त्या दिसतात. क्रोममध्ये प्रोफाइलच्या फोल्डरात एक 'बॅक' शेपटीची फाइल असते, पण ती एकच. तुम्ही ब्राउझर बंद-चालू करत बसलात तर तिच्यावरही पाणी. मी नेमकं तेच केलं होतं.

पुरणयंत्र

@ट्रंकवाला, तुमच्या बायकोचं ऐकू नका.

माझ्याकडे 'दिवाळी' नावाचा फोल्डर आहे. त्यात एका अनोळखी बाईंच्या ब्लॉगवरचं अनारशांचं पान होतं. पाककृती तशी सगळ्यांचीच सारखी: तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, पंचावर पसरायचे, दमट असतानाच दळून चाळायचे, गूळ आणि चमचाभर तूप घालून गोळा मुरत ठेवायचा. ते मला आईनेही सांगितलंय. पण त्या पानाखाली बायकांनी लिहिलेलं जे होतं ना, ते सोनं होतं. कोणाचे अनारसे तुपात हसले, मग तिने गोळ्यात काय घातलं. कोणाचे दगड झाले, तिने काय केलं. कोणत्या गावाला कसला तांदूळ चालतो. साठेक अनुभव असतील, सगळे हात पोळलेल्या बायकांचे.

गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री, कढईत पहिला अनारसा हसून विरघळला तेव्हा मी पिठाच्या हाताने तो फोल्डर उघडला. पान सापडत नाही. ब्लॉगच नाही. माझी खूण जागच्या जागी, दिव्याच्या चिन्हासकट, आणि मागे काहीच नाही. गॅस बंद करून मी पाच मिनिटं नुसती बसले.

आता जे खरंच लागतं ते वहीत उतरवते. फोल्डर ठेवलाय, पण भरवसा वहीवर.

दुवा_तुटला

@पुरणयंत्र, तुम्ही एकट्या नाही. अमेरिकेतल्या प्यू संशोधन संस्थेने २०२४ मध्ये मोजून सांगितलं: २०१३ साली जी पानं होती, त्यांतली ३८ टक्के दहा वर्षांनी उघडतच नव्हती. म्हणजे जुना फोल्डर उघडला की तिसरं-चौथं दार बंद निघणारच.

पण तुमच्याकडे पत्ता आहे ना? मग अजून आशा आहे. इंटरनेट अर्काइव्हचं वेबॅक मशीन आहे, तिथे तो पत्ता जसाच्या तसा डकवा. १९९६ पासूनची पानं त्यांनी जमवली आहेत. मिळालं तर कॅलेंडरवर ठिपके दिसतील, एकेक ठिपका म्हणजे त्या दिवशी जपलेली प्रत; जुन्यातला एखादा ठिपका दाबून बघा. आणि मेलेली लिंक पुसू नका हो कोणी! पान गेल्यावर त्याच्यापर्यंत पोचायचा तोच एक धागा उरतो.

म्यूनिकचा_भाडेकरू

मी फोल्डर मानत नव्हतो. २००३ साली डिलिशस ही लिंका ऑनलाइन जपायची सेवा निघाली तेव्हापासून शिक्क्यांच्या, म्हणजे टॅगांच्या पंथाचा. एक लिंक, तिला चार शिक्के: 'जर्मन', 'व्हिसा', 'स्वस्त', 'नंतर'. फोल्डरात वस्तू एकाच खणात राहते, टॅगात ती चारही खणांत. डोक्याला पटणारी गोष्ट होती. डिलिशस २००५ मध्ये याहूकडे गेलं, मग हातोहाती फिरत २०१७ मध्ये पिनबोर्ड या तशाच सेवेने घेतलं. गूगल बुकमार्क्स २०२१ मध्ये बंद, पॉकेट जुलै २०२५ मध्ये. माझं सामान ज्या सेवेत होतं तिचं नाव घेत नाही, पण शेवटच्या तारखेची मेल स्पॅममध्ये पडली आणि मी ती तारखेनंतर वाचली. नऊ वर्षांचे शिक्के गेले.

आता साधे फोल्डर, ब्राउझरमध्येच, आणि वर्षातून दोनदा एचटीएमएल फाइल काढून पेन ड्राइव्हवर. दोनदा कधी, तर इथे घड्याळ एक तास मागे-पुढे करतात त्या रविवारी. घरातली सगळी घड्याळं फिरवायची असतातच, त्यातच हेही उरकतो.

स्पर्शरेषा

मला दिसत नाही, मी एनव्हीडीए या पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर ब्राउझर वापरतो. फोल्डरांच्या झाडात पहिलं अक्षर दाबलं की त्या अक्षराच्या फोल्डरावर उडी जाते. त्यामुळे माझी सगळी नावं वेगवेगळ्या अक्षरांनी सुरू होतात. 'बातम्या', 'बँक', 'बसची वेळापत्रकं' असं मांडलं की तीनदा ब. मी 'बँक'ला 'पैसे' केलं आणि बसला 'एसटी'. फोल्डरात फोल्डर नको, तिसऱ्या पायरीवर मी कुठे उभा आहे तेच हरवतं. डोळसांनी माळे बांधावेत, आम्हाला बैठं घर बरं.

ऑरेंजबर्फी

आपलं सोपं आहे. फोल्डर नाही, टॅग नाही. स्टार दाबायचा आणि विसरायचं. लागलं की फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या पट्टीत आधी तारका मारायची (तीच, गुणाकाराची), एक जागा सोडायची आणि आठवेल तो शब्द लिहायचा. फक्त बुकमार्कांतलं शोधून देतं. आवरत बसायला वेळ कोणाला आहे?

लेक_नाशिकची

@ऑरेंजबर्फी, स्वतःपुरतं ठीक आहे. माझ्या आईसाठी मात्र बुकमार्कांची पट्टी लावावीच लागली.

आई सगळं 'शोधून' उघडायची. एकदा 'लाईट बिल' असं शोधलं, सगळ्यांत वर आलेली जाहिरात दाबली, हुबेहूब पान आलं आणि बिलाचे पैसे भलत्याच कोणाला गेले. तिने आठ दिवस आम्हाला सांगितलंच नाही. स्वतःच्याच घरी चोरटी झाल्यासारखी वावरायची. कळलं तेव्हा मी रागावले नाही, आणि त्याबद्दल माझी मीच पाठ थोपटून घेते.

रविवारी तिच्या शेजारी बसून पट्टी लावली. कंट्रोल-शिफ्ट-बी ने ती कायम दिसत राहते. बिलावर छापलेला पत्ता मी अक्षर अक्षर हाताने टाकला, ती बघत होती. मग बँक, पासबुकावरून. नावं तिच्याच शब्दांत: 'लाईट बिल', 'गॅस', 'बँक', 'कीर्तन'. लावून झाल्यावर म्हणाली, "अगं, बँक आणि कीर्तन शेजारी नको ठेवूस. माझा हात हलतो. कीर्तन ऐकायला जाईन आणि बँक उघडेल." मग मध्ये 'गॅस' घातला. तिला आता शोधायचंच नाही असं सांगितलंय, पट्टीवर नसेल तर मला फोन. दिवसातून तीन फोन येतात, त्यांतले दोन पट्टीवर असलेल्याच गोष्टींसाठी.

ट्रंकवाला

सगळ्यांचं वाचतोय. हेडक्लार्क साहेबांचे पाच खण मानले, फक्त माझे सात झाले. 'आयात केलेले'चे तिन्ही थर एकत्र केले तर सातशेच्या वर लिंका दोनदा-तीनदा होत्या, त्या गेल्या. उरलेलं आवरणार नाही. 'जुना माळा' असं एकच नाव दिलं आणि पट्टीवरून काढून टाकलं. लागलंच तर शोधेन. ठाण्याची जागा बायकोला दाखवली. ती म्हणाली, "हिला बाल्कनी होती," आणि पुसायचं राहिलं.

@पुरणयंत्र, तुमचं पान सापडलं का?

पुरणयंत्र

सापडलं! २०१५ चा ठिपका. फोटो सगळे गेलेत, नुसत्या रिकाम्या चौकटी. खालचे अनुभव आहेत, पण साठ नाहीत, चौतीसच. त्यानंतर कोणी लिहिलेलं त्या ठिपक्यात यायचं कसं?

हसण्याचं मिळालं. गूळ जास्त झाला तर हसतो, बाजूला राखलेलं कोरडं पीठ थोडं थोडं मळून एकच अनारसा आधी तळून बघायचा. खसखशीची बाजू वर, आणि उलटायचा नाही, वरून तूप उडवायचं. याचसाठी पीठ सगळं एकदम भिजवू नका, वाटीभर मागे ठेवा, असं एकीने ठळक अक्षरांत लिहिलंय. उतरवून घेतलं वहीत. चौतीसच्या चौतीस.