चाच्यांच्या गेमचं आर्ट बुक घ्यावं का?

डोलकाठी:
सी ऑफ थीव्ह्ज खेळून वेड लागलंय, आता त्याचं आर्ट बुक घ्यायचा विचार चाललाय. मी कॉन्सेप्ट आर्ट (गेम बनायच्या आधी त्यातली पात्रं, जागा कशा दिसतील ते काढणं) शिकतोय, तर अशा पुस्तकातून खरंच काही शिकायला मिळतं की नुसती छान छान चित्रं?

खारा_वारा:
कच्ची स्केचेस असतील तरच घे. फायनल रेंडर, म्हणजे पूर्ण झालेली चित्रं काय, नेटवर ढिगाने सापडतात. याच गेममधली जहाजं बघ ना, स्लूपला एक डोलकाठी, ब्रिगंटाईनला दोन, गॅलियनला तीन, म्हणजे क्षितिजावर नुसती काळी आकृती दिसली तरी कळतं पळायचं का भिडायचं. हे सिल्हूटचं काम आहे आणि ते रद्द झालेल्या ड्रॉइंगमध्येच नीट समजतं, कुठला आकार का टाकून दिला ते.

शिडवाला:
+१. पण एकाच गेमवर थांबू नको रे. असॅसिन्स क्रीड मालिकेतला ब्लॅक फ्लॅग (२०१३) पण बघ, तिथे १७१५ च्या आसपासचं कॅरिबियन आहे, हवाना, नासाऊ वगैरे, त्यामुळे इमारती न् कपडे त्या काळाला धरून काढावे लागतात. सी ऑफ थीव्ह्जमध्ये सगळं वाकडंतिकडं, फुगवलेलं, कार्टूनसारखं. दोन्ही शेजारी ठेवून बघितलंस तर स्टाईल म्हणजे काय ते पटकन कळेल.

डोलकाठी:
भारी, धन्यवाद दोघांना! आधी आतली पानं चाळायला मिळतात का बघतो. पाण्याबद्दल पण असतं का काही?

खारा_वारा:
रंगाचे स्टडीज असू शकतात, पण लाटा कशा हलतात ते पुस्तकात काय कळणार, त्याला शेडरवाल्यांचे (पाणी, प्रकाश पडद्यावर कसे दिसतील त्याचा कोड लिहिणाऱ्यांचे) व्हिडिओच बघ.