मदत हवी आहे: गणपतीपुळ्याजवळ सायकलचा हँगर तुटला, रत्नागिरीत मिळेल का?

अलिबागहून किनाऱ्याच्या रस्त्याने मालवणला निघालोय. काल तवसाळ-जयगड फेरीबोटीत सायकल उजव्या अंगावर आडवी झाली आणि पुढच्या चढावर मागचा डिरेल्युअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा गिअरचा भाग) स्पोकमध्ये घुसला. तो फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, म्हणजे हँगर, मधोमध तुटला. स्पोक शाबूत आहेत, चाक थोडं डुगतंय पण ब्रेकला घासत नाही. डिरेल्युअरची केजही (चेन धरणारी चौकट) सरळ आहे.

सायकल हायब्रिड, ३×८ (पुढे तीन, मागे आठ चकत्या), अॅल्युमिनियम फ्रेम. हँगर बोल्टवाला आहे, म्हणजे बदलता येतो. गावातल्या सायकलवाल्या काकांनी मनापासून खटपट केली, पण त्यांच्याकडे गिअरचे सुटे भाग नाहीत. वेल्डिंग नको, पातळ अॅल्युमिनियमचा भरवसा वाटत नाही.

डिरेल्युअर काढून चेन तोडली आणि सिंगल स्पीड केली: पुढे पेडलजवळची मधली चकती (चेनरिंग), मागे मधली चकती. सपाटीवर चालते. चढावर जोर दिला की चेन आपोआप मोठ्या चकतीवर चढते आणि इतकी ताणली जाते की पेडल जड होतं. ड्रॉपआउट (मागच्या चाकाचा आस बसतो त्या फ्रेमच्या खाचा) उभे असल्यामुळे चाक मागे ओढून ताण जुळवता येत नाही. चेनब्रेकर (चेन तोडायचं हत्यार), दोन क्विक लिंक (चेन पटकन जोडायच्या कड्या) आणि काढलेल्या कड्या जवळ आहेत.

रत्नागिरीच्या वाटेवरचे आरे-वारेचे चढ असेच पार करायचे आहेत. रत्नागिरीत कुणाकडे युनिव्हर्सल हँगर मिळेल का? आणि तोवर पुढची-मागची कोणती जोडी लावली तर चेन जागेवर राहील?