मदत हवी आहे : हाक मारली तरी न उठणारा कुत्रा आता अंगावर येतो

रंकाळाकाठ (धागाकर्ता)
नमस्कार. आमचा मोती गेले दोन-तीन महिने हाक मारली तरी ढिम्म हलत नाही आणि झोपेत अंगाला हात लागला की दात दाखवून अंगावर येतो. बहिरा झाला म्हणावे, तर बाबांची काठी फरशीवर वाजली की आधी तोच मान वर करतो आणि शेजाऱ्यांची बुलेट सुरू झाली की उठून बसतो. मात्र त्याच्या बशीपाशी उभे राहून मी घसा फोडला तरी लक्ष देत नाही. त्यामुळे हे सोंग असावे, असे घरात सगळ्यांचे मत झाले आहे. मी हाताच्या खुणा शिकवून पाहिल्या; सकाळी तो खुणेसरशी येतो, संध्याकाळी मात्र पाहूनही न पाहिल्यासारखे करतो. येत्या शनिवारी बहीण दीड वर्षाच्या मुलीला घेऊन माहेरी येणार आहे आणि तोवर काही जमले नाही, तर त्याला मामांच्या शेतावर सोडायचे, असे बाबांनी ठरवले आहे. चार दिवसांत खुणा पक्क्या करून घेण्याचा उपाय लवकर सांगा. कुत्रा पाळावाच कशाला, हा सल्ला कृपया नको.

टेंबलाईचा_चढ
वय किती, जात कोणती आणि कानात कधी काही औषध घातले होते का, हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

पन्हाळा_पायवाट
कुत्र्यांच्या बहिरेपणाचा रंगाशी संबंध असतो. डाल्मेशियन जातीत अंगभर पांढरा रंग आणणाऱ्या जनुकामुळे आतल्या कानातल्या रंगपेशीच तयार होत नाहीत, तिथला रक्तपुरवठा कोलमडतो आणि पिल्लू तीन-चार आठवड्यांचे होईतो ऐकणे कायमचे जाते. निळ्या डोळ्यांच्या पिल्लांत हे प्रमाण अधिक असते. एकच कान गेलेले पिल्लू तर पुष्कळदा घरच्यांच्या लक्षातही येत नाही. त्यासाठी कानापासून मेंदूकडे जाणारे विद्युतसंदेश मोजणारी बीएईआर तपासणी करावी लागते. पिल्लू घेताना ती मागून घ्यावी.

रंकाळाकाठ
पन्हाळा_पायवाट, मोती पॉमेरियन आहे आणि पुढच्या महिन्यात त्याला बारा वर्षे पूर्ण होतील, त्यामुळे पिल्लू घेतानाचा सल्ला आता बारा वर्षे उशिराचा आहे. गेल्या पावसाळ्यात त्याचा कान वाहत होता, तेव्हा दुकानातून आणलेले थेंब दोन महिने घातले होते. खुणांबद्दल कोणी सांगेल का?

कारवानी_गडहिंग्लज
बारा वर्षे हे पहिल्याच ओळीत यायला हवे होते. माझ्याकडे कारवानी जातीची तीन कुत्री आहेत आणि त्यांतली सर्वांत थोरली तुमच्या मोतीसारखीच ‘सोंग’ करते. म्हातारपणी कुत्र्याचे ऐकणे एकदम जात नाही. बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात आणि जाड आवाज त्यामानाने उशिरापर्यंत ऐकू येतात. काठीचा ठोका तर फरशीतून त्याच्या पोटाला आणि पंजांना जाणवतो, त्याला कान लागतच नाहीत. म्हणून घसा फोडण्याऐवजी टाच जमिनीवर दोनदा आपटून पाहा. आणि ते थेंब डॉक्टरांना दाखवा, कारण कानाच्या पडद्याला भोक असताना जेंटामायसिनसारखे औषध आतल्या कानापर्यंत पोहोचले, तर त्यानेही ऐकण्याला इजा होते.

शाहूपुरी_गल्ली
एवढे कशाला करायचे? थरथरणारा पट्टा घ्या. बटण दाबले की गळ्याशी थरथर होते आणि कुत्रा वळून पाहतो. आमच्याकडे दोन वर्षे उत्तम चालला आहे.

कारवानी_गडहिंग्लज
‘थरथर झाली की मालकाकडे पाहायचे आणि मग खाऊ मिळतो’ हे आधी आठवडे-आठवडे शिकवावे लागते. न शिकवता म्हाताऱ्या कुत्र्याच्या गळ्यात अचानक काही थरथरले, तर तो आणखी बिथरेल. इथे शनिवारचा प्रश्न आहे.

शाहूपुरी_गल्ली
माझा चार दिवसांत शिकला होता. प्रत्येकाचा कुत्रा वेगळा असतो.

माईंचा_सोपा
तुमचे पट्ट्याचे भांडण थोडे थांबवा. धागाकर्ते, ‘अंगावर येतो’ म्हणजे कोणाला दात लागले आहेत का?

रंकाळाकाठ
परवा रात्री बाबांच्या पोटरीला निसटता दात लागला. रक्ताचे दोन थेंब आले, हळद दाबली, थांबले. मोती घरचाच आहे, म्हणून लिहिले नव्हते.

माईंचा_सोपा
हेच आधी लिहायला हवे होते. हळद किंवा चुना भरण्याऐवजी जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची असते. आता उशीर झाला असला तरी आजच धुवा आणि आजच बाबांना डॉक्टरांकडे न्या. मोतीची रेबीजची लस कधी झाली होती, तेही सांगा. रक्त आले असेल तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागू शकते, ते डॉक्टर ठरवतील. सरकारी रुग्णालयात लस मोफत मिळते. मोतीवर दहा दिवस लक्ष ठेवावे लागेल, त्यामुळे शेतावर पाठवण्याचा विषय तूर्त बंद करा.

आणि बाळाबद्दल एक सुचवते : तिच्या पायात पैंजण घाला, म्हणजे ती जवळ येते आहे हे मोतीला कळेल.

कारवानी_गडहिंग्लज
माई, पैंजणाची किणकिण हाच तो बारीक आवाज आहे, जो त्याला ऐकू येणार नाही. घरच्यांना बाळ कुठे आहे ते कळेल एवढाच उपयोग. मध्ये लाकडी फळी किंवा बंद दार हवेच. दोघांना एका खोलीत एकटे सोडू नये.

टेंबलाईचा_चढ
मला ‘सकाळी येतो, संध्याकाळी येत नाही’ हे खटकते आहे. अंधार पडल्यावर तो कुठे धडकतो का? घरात अलीकडे काही हलवले आहे का?

रंकाळाकाठ
सामान तसे हलवलेले नाही. फक्त बाबांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मधल्या खोलीत उंच पलंग आणला, म्हणून मोतीचे पोते बाथरूमच्या उंबऱ्याशी सरकवले. रात्री बाबा उठतात, तेव्हा तो वाटेतच असतो. पलंगाच्या पायाला तो दोन-तीनदा धडकला, ते आम्ही म्हातारपणावर घातले. त्याच्या डोळ्यांत निळसर झाकही दिसते.

टेंबलाईचा_चढ
निळसर झाक उतारवयात भिंग घट्ट झाल्यानेही दिसते आणि तिने दृष्टी फारशी जात नाही. पण कमी उजेडात आधी दिसेनासे होणे हे डोळ्याचा आतला पडदा झिजण्याचे लक्षण असू शकते. मोतीबिंदू, मधुमेह किंवा गोचीडतापामुळेही डोळे जातात. डॉक्टरांकडून डोळे आणि रक्त दोन्ही तपासून घ्या. घरी पाहायचे असेल, तर मंद उजेडात त्याच्यासमोर कापसाचा बोळा वरून सोडा आणि नजर त्याच्यामागे जाते का पाहा. हात झटकू नका, वाऱ्यानेही पापणी मिटते. तुमची खुण त्याला समजत नाही असे नाही. संध्याकाळी ती त्याला दिसतच नसावी.

माईंचा_सोपा
मग दारांच्या चौकटींना वाळ्याचे अत्तर लावा, वासाने वाट कळते.

कारवानी_गडहिंग्लज
एखाद्या चौकटीला अगदी पुसट लावले तर ठीक. सगळ्या चौकटींना लावल्यास कुत्र्याचे नाक भांबावेल. त्यापेक्षा पोते भिंतीच्या कोपऱ्यात ठेवा, पलंग आता हलवू नका, पोत्यापासून पाण्यापर्यंत चटई अंथरा आणि रात्री मंद दिवा ठेवा. उठवायचे असेल तेव्हा आधी जमिनीवर टाच, मग नाकासमोर उघडा तळवा, वास घेऊन तो हलला की खांद्यावर हात आणि लगेच भाकरीचा तुकडा. क्रम आणि खांदा दोन्ही तेच असू द्या. गाढ झोपेत कोणीही थेट हात लावायचा नाही.

रंकाळाकाठ
बाबांना काल लशीचा पहिला डोस दिला, दुसरा परवा आहे. मोतीची लस दोन वर्षांपूर्वी झाली होती, पुढची आमच्याकडून राहिली. कापसाचा बोळा सकाळी गॅलरीत त्याने नजरेने टिपला, रात्री दिव्याखाली त्याच्या नाकावर पडला तेव्हा तो दचकला. डॉक्टरांची वेळ शुक्रवारी अकराची मिळाली आहे. पोते कोपऱ्यात हलवले आहे. आज पहाटे बाबा पलंगावरून उतरले, काठी दोनदा आपटून थांबले आणि मोतीने मान वर केल्यावर भाकरीचा तुकडा त्याच्या नाकाशी धरला. बहिणीला फोन करून एक आठवड्याने ये म्हटले, ती रुसली आहे. चटई घसरत असेल, तर खाली काय लावावे?