ट्रंकेत सापडलेला ऑगस्ट १९६८ चा पेपर, त्या उन्हाळ्यात नेमकं झालं काय होतं?

मधलीसुट्टी: आजीची ट्रंक रिकामी करताना तळाला अंथरलेला पेपर निघाला. ऑगस्ट १९६८, तारखेचा कोपरा फाटलाय, पहिल्या पानावर चेकोस्लोव्हाकियाच्या राजधानीत, प्रागच्या रस्त्यात रणगाडे, बाकी बरंचसं झुरळांनी खाल्लंय. शाळेत आम्हाला जगाचा इतिहास १९४५ ला आणून सोडला होता. नेटवर बघितलं तर त्याच उन्हाळ्यात पॅरिसही पेटलेलं, अमेरिकेत खून. सगळं एकदमच कसं काय? काही संबंध होता का?

निवांत६१: उन्हाळा त्यांचा हो, आपल्याकडे श्रावण संपत आलेला 😀 व्हिएतनाम हा एक धागा आहेच, पॅरिसजवळ नांतेरला पोरं भडकली त्यात व्हिएतनामविरोधी निदर्शनं करणाऱ्यांची अटक होती आणि मुलींच्या हॉस्टेलमध्ये मुलांना जाऊ देत नाहीत हेही होतं, मग मे महिन्यात पोलीस सोर्बोन विद्यापीठात घुसले आणि बघता बघता कामगारही संपावर, एक कोटीच्या घरात. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल २९ मे ला कुणाला न सांगता जर्मनीत बाडेन-बाडेनला जाऊन आले! आणि जूनच्या निवडणुकीत त्यांचाच पक्ष दणक्यात जिंकला. अमेरिकेत एप्रिलमध्ये मार्टिन ल्युथर किंग यांचा खून, जूनमध्ये रॉबर्ट केनेडींचा, ऑगस्टअखेर शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाबाहेर पोलिसांनी पोरांना झोडपलं ते टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं.

काळी_शाई: प्राग यात कोंबू नका प्लीज. तिथे पोरं सरकारविरुद्ध नव्हती, सरकारच सैल करत होतं. दुब्चेक स्वतः कम्युनिस्ट पक्षाचा प्रमुख, सेन्सॉरशिप उठवली, 'मानवी चेहऱ्याचा समाजवाद' म्हणत होता, मॉस्कोला तेवढंही झेपलं नाही. २० ऑगस्टच्या रात्री रशिया आणि त्याच्या मित्रदेशांच्या फौजा घुसल्या. लोकांनी काय केलं तर रस्त्यांच्या पाट्या काढल्या, काही उलट्या फिरवल्या, म्हणजे सैनिकांना पत्ताच सापडू नये. रेडिओवाले जागा बदलत बोलतच राहिले. मला त्या वर्षातलं हे सगळ्यात आवडतं, पॅरिसच्या बॅरिकेडपेक्षा जास्त.

निवांत६१: मान्य. पण आपण काय केलं तेही सांगा की.

काळी_शाई: तटस्थ! संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत घुसखोरीच्या निषेधाच्या ठरावावर १० बाजूने, रशिया आणि हंगेरी विरोधात, तटस्थ तिघे: भारत, अल्जीरिया आणि चक्क पाकिस्तान. आपलं म्हणणं असं की 'निषेध' हा शब्द नको. कसा चालेल, ६५ च्या युद्धात अमेरिकेने शस्त्रं बंद केलेली, इकडे नाशिकजवळ ओझरला रशियन मिग विमानांचा कारखाना. इंदिरा गांधींनी संसदेत दुःख व्यक्त केलं, बस. त्यावरून अशोक मेहतांनी मंत्रिपद सोडलं, समाजवादी माणूस, सोलापूर-मुंबईत शिकलेला. बाकीचे बसून राहिले.

मधलीसुट्टी: अरे देवा. माझ्या पेपरात एका कोपऱ्यात 'अशोक मेहता राजी' एवढंच उरलंय, पुढचं झुरळाने खाल्लं. मी दोन दिवस विचार करतोय हे कशाला राजी झाले म्हणून.